खात्री कुणाची, किती?

१९५१ साली अमेरिकी गुप्तचर अहवालात युगोस्लाव्हियावरील हल्ल्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ वर्तवली गेली. विश्लेषक शर्मन केंट यांना त्यातून सुमारे ६५ टक्के शक्यता सुचवायची होती; अहवाल लिहिणाऱ्या सहकाऱ्यांचे आकडे मात्र २० ते ८० टक्के असे विखुरलेले निघाले.

हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आयपीसीसीने अशा शब्दांना आकडेच बांधून दिले. तिच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के, ‘व्हेरी लाइकली’ किमान ९०, ‘व्हर्च्युअली सर्टन’ किमान ९९.

रोजच्या इंग्रजीत अशी मोजपट्टी नाही.

तिथे एका शब्दाने खात्रीचा धनीही बदलतो. ‘शी इज शुअर टू विन’ यात खात्री बोलणाऱ्याची. ‘शी इज शुअर ऑफ विनिंग’ यात तिची स्वतःची. मराठीत पहिले ‘ती जिंकणारच’, दुसरे ‘तिला जिंकण्याची खात्री आहे’. भाषांतर करताना हा फरक जरूर जपावा.