मोरसला गेलेली लेक

कोकणातल्या जुन्या बायका साखरेला मोरस म्हणत. मोरस म्हणजे मॉरिशस. त्या बेटावरच्या उसात राबायला आपल्याच गावांतल्या लेकीसुना गेल्या, हे मात्र घरात कुणी सांगितलं नाही.

गिरमिटियांचं, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांचं, पहिलं जहाज, 'अ‍ॅटलास', २ नोव्हेंबर १८३४ रोजी पोर्ट लुईला लागलं. पुढल्या तीन महिन्यांत तिथली गुलामगिरी कायद्याने संपली आणि मळेवाल्यांना नवे हात हवे झाले. १९२० पर्यंत सुमारे पाच लाख माणसं तिथे उतरली. बहुतेक बिहारची आणि तामिळ मुलखातली. पण मुंबई बंदरातून रत्नागिरी, सावंतवाडीकडचीही गेली. तिथे त्यांना 'बॉम्बे' हेच नाव पडलं.

अशा एखाद्या पणजीच्या आईचं माहेर शोधायचं तर सुरुवात मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतल्या नोंदवह्यांपासून करावी लागते. नोंद पूर्ण असेल तर क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा आणि गाव मिळतं. कपाळावरचा व्रण कारकुनाने टिपला. फोटो १८६० च्या दशकात सुरू झाले, त्यामुळे आधी गेलेल्या बाईचा चेहरा बहुधा मिळत नाही.

समजा, वहीत 'लुचमी' आहे. ती आपली लक्ष्मी. नाव साहेबाच्या कानाने लिहिलंय, म्हणून प्रत्येक शब्द मराठी तोंडाने मोठ्याने म्हणून बघायचा. 'रत्नागिरी जिल्हा' वाचून लगेच आजच्या रत्नागिरीत धावायचं नाही. मालवण, देवगड, वेंगुर्ला तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. सावंतवाडी तर संस्थान. मग त्याच जहाजाची पूर्ण यादी वाचायची. लागोपाठच्या क्रमांकांवर एकाच गावची माणसं दिसली, तर भाऊ, दीर किंवा शेजारी तिथेच सापडण्याची शक्यता असते. एकटी नोंद बघून परत फिरणारे इथेच चुकतात, असं माझं ठाम मत आहे.

मॉरिशसच्या जन्मनोंदी हा दुसरा धागा. नुसत्या धार्मिक विधीने लागलेलं लग्न सरकारदरबारी धरलं जात नसे, त्यामुळे अनेक मुलांच्या नोंदीत आईच पुढे येते. कायद्याने त्या बायकांचा अपमान केला, पण त्याच अपमानाने त्यांची नावं राखली. पुरुषांचं उलट झालं: आजोबाचं पहिलं नाव नातवंडांचं आडनाव बनलं आणि मूळ आडनाव पुसलं.

इकडच्या बाजूला बाईचा माग बापाच्या आणि भावाच्या नावानेच काढावा लागतो. खोती गावांतली बोटखतं, म्हणजे कोण कुठली जमीन कसतो त्याची नोंद, त्या कामाला येतात. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावनिहाय घराणी आहेत. वही कुळाची असली, तरी लेकीचा बाप त्या कुळातच असतो.

मार्च २०२४ मध्ये भारताने भारतीय वंशाच्या मॉरिशसकरांच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डाची वाट मोकळी केली. तिथून माणसं गावाचं नाव घेऊन येऊ लागली, तर त्यांना उत्तर देणारं कुणी इथे हवं. तुमच्या माळ्यावर बोटखताची नक्कल, खोताची वही, जुनी वंशावळ असेल, तर वाळवी लागायच्या आत तिचे फोटो काढा. घरात 'एक आत्या दर्यापार गेली ती आलीच नाही' असं कुणी म्हणत असेल, तर तिचं नाव, बापाचं नाव आणि वाडी आजच लिहून ठेवा.