पाळणा माळ्यावरचा की मुंबईचा?
बाळाच्या झोपेबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोकणात मिठबाव-तांबळडेगच्या बाजूला लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की घरात दोन पाळण्यांवरून चर्चा रंगते. एक माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेला, फणसाच्या लाकडाचा, पणजोबांच्या वेळचा. दुसरा जावयाने मुंबईहून मागवलेला, खोक्यातून सुटा येणारा आणि स्क्रू आवळून उभा करायचा. आजीला पहिला हवा असतो, जावयाला दुसरा. आजीचा भरवसा अनुभवावर, जावयाचा किमतीवर. बाळाची सुरक्षितता मात्र या दोन्हींवर फारशी ठरत नाही.

ती चार गोष्टींवर ठरते. बाळ उताणं झोपलेलं असावं. अंथरूण सपाट आणि घट्ट असावं. त्यात ताणून बसवलेल्या चादरीखेरीज काही नसावं. आणि पाळणा आईच्याच खोलीत असावा. या कसोटीला उतरेल तो पाळणा चांगला, मग तो सुताराने केलेला असो की कारखान्यातून आलेला. आता एकेक समजूत तपासू.

गैरसमज : "आमची सगळी पोरां ह्याच पाळण्यात वाढली, तेंका काय झाला?"

वस्तुस्थिती : जुनेपणा हा दोष नाही, न तपासता वापरणं हा दोष आहे. फणस, साग ही लाकडं पिढ्यान् पिढ्या टिकतात, पण त्यांना धरून ठेवणारं लोखंड टिकत नाही. किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्यात कड्या, साखळ्या, आकडे झिजतात आणि वरून रंग दिलेला असला तर आतला गंज दिसतही नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आटतं आणि सांधे खिळखिळे होतात. पाळण्याखाली पिठासारखा भुसा पडत असेल तर आत कीड आहे असं समजावं. म्हणून साखळ्या आणि आकडे नवे घालावेत, सांधे सुताराकडून आवळून घ्यावेत.

मग मोजपट्टी घ्यावी. कठड्याच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावं, असा अमेरिकेतला नियम आहे. कारण साधं आहे : बाळाचं अंग पायाकडून फटीतून घसरू शकतं, डोकं मात्र अडकतं. शीतपेयाचा नेहमीचा कॅन त्या फटीतून आरपार जात असेल तर फट नक्कीच मोठी आहे. कोपऱ्यांवर कोरलेले कळस आणि मोर देखणे असतात, पण झबल्याची नाडी किंवा गळ्यातला दोरा अडकायला तीच जागा असते.

रंगाचंही पाहावं लागतं. घरगुती रंगांतल्या शिशावर भारतात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं बरंच जास्त असू शकतं. दात येऊ लागले की बाळ कठडा चावतं आणि तो रंग पोटात जातो. असा रंग घरी पॉलिशपेपरने खरवडू नये, त्याची धूळ आणखी घातक. अशा पाळण्याला बारशाचा मान जरूर द्यावा, बायकांनी भोवती बसून नाव ठेवावं. रोजच्या झोपेसाठी दुसरी जागा करावी.

गैरसमज : रिकामा पाळणा हलवू नये, बाळाचं पोट दुखतं.

वस्तुस्थिती : रिकाम्या पाळण्याचा आणि बाळाच्या पोटाचा काही संबंध नाही. उलट या समजुतीमुळे एक आवश्यक परीक्षा राहून जाते. बाळ घालण्याआधी पाळण्यात दहा किलो तांदळाची पिशवी ठेवा आणि चांगले झोके द्या. आकडा कुरकुरतो का, तुळई हलते का, कठडा भिंतीवर आपटतो का, ते पाहा. मग पाळणा थांबू द्या आणि गादीच्या मधोमध पाण्याची भरलेली बाटली आडवी ठेवा. बाटली घरंगळून एका बाजूला गेली, तर बाळही त्याच बाजूला सरकून कठड्याला तोंड टेकवणार. दोन्हीकडच्या साखळ्या सारख्या करून परीक्षा पुन्हा घ्या. झोके लहान आणि संथच असावेत.

गैरसमज : महागडा, नावाजलेल्या कंपनीचा म्हणजे सुरक्षितच.

वस्तुस्थिती : ज्या देशांत या वस्तूंवर कडक देखरेख आहे तिथेही मोठ्या कंपन्यांचे पाळणे चुकलेले आहेत. एक बाजू खाली सरकवता येणारे क्रिब, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे कठड्याचे पाळणे, अमेरिकेत कित्येक दशकं घरोघरी होते. बाजू जागेवरून निखळायची, फट पडायची आणि बाळ तिथे अडकायचं. २००० नंतरच्या दशकात अशा किमान ३२ मृत्यूंची नोंद झाली आणि जून २०११ पासून हे क्रिब विकायला बंदी आली. फिशर-प्राइस कंपनीने तिरक्या पाठीचा, बाळाला अर्धवट बसतं ठेवणारा 'रॉक अँड प्ले' एप्रिल २०१९ मध्ये परत मागवला, तोवर सुमारे ४७ लाख नग विकले गेले होते आणि ३० हून अधिक बाळं त्यात दगावली होती. अशा तिरक्या जागेत मान पुढे झुकते, हनुवटी छातीला टेकते आणि नाजूक श्वासनलिका दुमडते. त्यामुळे जाहिरातीत 'आरामदायी उतार' दिसला, की ती वस्तू झोपेसाठी बाद समजावी.

क्रिब घ्यायचाच असेल तर चारही बाजू पक्क्या असलेला घ्यावा. सगळे स्क्रू जागेवर आहेत ना, हे मोजावं. एखादा हरवला तर तिथे तार किंवा सुतळी बांधून भागवू नये. गादी त्याच मापाची हवी. गादी आणि कठडा यांच्यामध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा राहत असेल तर गादी लहान आहे. वर टांगायची खेळणी घेताना आयएसआय चिन्ह पाहावं. खेळण्यांसाठी ते १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी पाखरं टांगलीत तरी बाळाचा हात पोचणार नाही इतकी उंच टांगावीत आणि बाळ बसायला लागलं की काढावीत.

गैरसमज : बाळ कोवळं, म्हणून गादी लुसलुशीत हवी, कडेने तक्के हवेत.

वस्तुस्थिती : मोठ्यांना जे सुखाचं, तेच तान्ह्याला धोक्याचं. मऊ गादीत तोंड रुतलं तर मान उचलून बाजूला करण्याची ताकद पहिल्या महिन्यांत बाळाकडे नसते. तळहाताने गादी दाबून पाहा : हात उचलल्यावर खळगा राहिला तर ती नको. घट्ट भरलेली पातळ कापसाची गादी उत्तम. कठड्याला आतून बांधायचे गुबगुबीत पट्टे अमेरिकेने २०२२ च्या कायद्याने विक्रीतूनच काढून टाकले. लोड, उशा, मऊ बाहुल्या, सुटी पांघरुणं, सगळं पाळण्याबाहेर. दृष्ट लागू नये म्हणून उशाशी ठेवलेली सुरी किंवा विळा तर नकोच. काळा दोरा, ताईत गळ्यात असेल तर झोपवताना काढून ठेवावा. तो गळ्याभोवती आवळू शकतो.

गैरसमज : उताणं निजवलं तर दूध वर येऊन बाळ गुदमरेल.

वस्तुस्थिती : बहुतेक आज्यांना याच गोष्टीची भीती वाटते, आणि शरीररचना नेमकी याच्या उलट सांगते. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेलं दूध चढून श्वासनलिकेत जायला हवं, म्हणून ते सहसा तोंडावाटे बाहेर येतं किंवा बाळ गिळून टाकतं. पालथं झोपवलं की हीच रचना उलटी होते. कुशीवर झोपवलेलं बाळ तर थोड्या हालचालीने पालथं पडतं.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने पालथं न झोपवण्याची शिफारस १९९२ मध्ये केली आणि १९९४ मध्ये तिथे देशभर मोहीम निघाली. झोपेतल्या अचानक आणि अनाकलनीय बालमृत्यूंचं प्रमाण १९९० मध्ये एक लाख जन्मांमागे सुमारे १३० होतं, २०२० मध्ये ते सुमारे ३८ वर आलं. मृत्यूंची कारणं नोंदवण्याची पद्धत मधल्या काळात बदलली, हे धरूनही ही घट मोठीच आहे. पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढावा आणि मग उताणं ठेवावं. एखाद्या आजारात वेगळं काही करायचं असेल तर ते डॉक्टर सांगतील.

गैरसमज : मोहरीची उशी नसेल तर डोकं चपटं राहतं.

वस्तुस्थिती : वर्षाच्या आत कुठलीच उशी नको, मोहरीचीही. जागं असताना आपल्या डोळ्यांसमोर दिवसातून काही वेळा बाळाला पालथं घालावं. मान आणि खांदे बळकट होतात, मागच्या बाजूवरचा दाबही सुटतो. पाळण्यात डोक्याची बाजू अधूनमधून बदलावी. डोक्याला मागच्या बाजूने आलेला चपटेपणा बाळ बसू-रांगू लागलं की बहुधा आपोआप कमी होतो. डोकं एका बाजूलाच झुकत असेल तर डॉक्टरांना दाखवावं.

गैरसमज : झोळीत बाळ शांत झोपतं, म्हणजे झोळीच बरी.

वस्तुस्थिती : शांत झोपतं हे खरं. झोके आणि अंगाला लपेटणारं कापड यांनी बाळ निवतं. पण तुळईला बांधलेल्या लुगड्यात पाठीची कमान होते, हनुवटी छातीवर येते आणि कापड तोंडाला चिकटतं. 'रॉक अँड प्ले'चा दोष आणि झोळीचा दोष एकच आहे. दुसरा धोका पिळाचा. साडीच्या झोळीशी खेळताना मोठ्या भावंडाच्या गळ्याला पीळ बसून मृत्यू झाल्याच्या घटना भारतीय न्यायवैद्यक साहित्यात नोंदलेल्या आहेत. रडणारं बाळ झोळीत निववायचं असेल तर जवळ बसून निववावं, झोप लागली की सपाट अंथरुणावर ठेवावं. काम झालं की झोळी सोडून ठेवावी, लोंबती ठेवू नये. स्प्रिंगच्या तयार झोळ्यांनाही हेच लागू.

गैरसमज : पाळणा उंच टांगला की विंचू-किरडाची भीती नाही.

वस्तुस्थिती : कोकणात पाळणा टांगण्यामागे शहाणपण होतंच. लाल विंचवाचा दंश इथे किती घातक ठरत आला, हे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी जगापुढे मांडलं आणि त्यावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडतं हे दाखवून दिलं. पण विंचू खडबडीत भिंतीवर चढतो, कौलांच्या सांदीत राहतो, वाशांवरून खालीही पडतो. उंचीपेक्षा मच्छरदाणी जास्त उपयोगाची. ती चारही बाजूंनी ताणलेली, बाळाच्या तोंडावर न लोंबणारी, कडा गादीखाली खोचलेली हवी. पाळणा भिंतीपासून दूर, जमिनीपासून शक्य तितका कमी उंच. त्यातली चादर प्रत्येक वेळी झटकावी. घराला लागून लाकडं, चिरे, सोडणं रचू नयेत. पाळणाच नसेल तर जमिनीवर घट्ट गादी आणि नीट खोचलेली मच्छरदाणी, एवढ्यावर बाळ उत्तम झोपतं.

गैरसमज : पावसात बाळ गारठतं; पाळण्याखाली शेगडी आणि धुरी हवीच.

वस्तुस्थिती : ऊब हवी, पण निखाऱ्याची नको. बंद खोलीतल्या कोळशातून वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. ठिणगीचा आणि भाजण्याचा धोका वेगळाच. ओवा-धुपाची धुरी कितीही सुवासिक असली तरी तो धूरच, कोवळ्या फुप्फुसांना त्रासदायक. विडी-सिगारेटचा धूर तर झोपेतल्या मृत्यूचा मोठा धोका मानला जातो. बाळाला आपल्यापेक्षा एक कपडा जास्त पुरतो. मान किंवा छाती हाताला गरम, घामट लागली तर एक कपडा कमी करा. हातपाय जरा गार असणं नेहमीचंच. झोपताना कुंची काढावी, ती तोंडावर सरकते आणि उष्णताही कोंडते.

गैरसमज : बाळाला पहिल्यापासून वेगळ्या खोलीची सवय लावावी.

वस्तुस्थिती : पहिले निदान सहा महिने बाळ आईच्याच खोलीत हवं, पण स्वतःच्या अंथरुणावर. रात्री पाजणं सोपं होतं आणि लक्षही राहतं. आपल्याकडे बाळ कुशीत झोपण्याची रीत आहे. तशी वेळ आली तर काही बंधनं पाळावीत. बाळ ३७ आठवड्यांआधी जन्मलेलं किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं असेल, अंथरुणातल्या कुणी दारू किंवा गुंगीचं औषध घेतलं असेल, कुणी धूम्रपान करत असेल, तर शेजारी घेऊ नये. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन डोळा लागणं सगळ्यात धोक्याचं.

गैरसमज : चांगला पाळणा दोन वर्षं पुरतो.

वस्तुस्थिती : टांगता पाळणा बाळ वळायला किंवा हातांवर जोर देऊन उठायला लागेपर्यंतच, म्हणजे बहुधा चार ते सहा महिन्यांपर्यंत. त्यानंतर ते कठड्यावरून कोलमडतं. क्रिबचा तळ बाळ बसायला लागताच खाली करावा, आणि उंची सुमारे ९० सेंटिमीटर झाली की क्रिबही बंद. इतक्या थोड्या दिवसांच्या वस्तूवर कर्ज काढण्यात अर्थ नाही. फिनलंडचं सरकार १९३८ पासून गरजू मातांना आणि १९४९ पासून सगळ्यांना बाळाच्या कपड्यांचं खोकं देतं, आणि तळाशी गादी असलेलं ते पुठ्ठ्याचं खोकं कित्येक बाळांचं पहिलं अंथरूण ठरलं. महाराष्ट्रात सरकारी केंद्रात पहिलं बाळंतपण झालेल्या मातेसाठी २०१९ पासून 'बेबी केअर किट' योजना आहे, त्यात लहान गादी आणि मच्छरदाणी दोन्ही असतात. सुरक्षित झोपेला याहून जास्त लागत नाही.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येते : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. ती वजन घेते, नाळ पाहते. तिला बाळ झोपतं ती जागाही दाखवावी. उशी बाहेर काढायला घरचे ऐकत नसतील, तर ते सांगण्याचं काम तिच्यावर सोपवावं.