लाप चाँग घ्यायचं कसं?

मी सिंगापूरला राहतो, म्हणून मित्र हमखास विचारतात, घरी भातात घालायला चायनीज सॉसेज कुठलं घेऊ?

कँटोनीजमध्ये त्याला लाप चाँग म्हणतात. डुकराचं मांस, चरबी, साखर, सोया सॉस आणि थोडी दारू, आतड्यात भरून वाळवलेलं. चव गोडसर. त्यामुळे गोव्याचं चोरिस त्याऐवजी चालत नाही. ते व्हिनेगर-मिरचीचं, आंबट-तिखट.

इथे चायनाटाउनमध्ये चिनी नववर्षाआधी जोड्या टांगलेल्या दिसतात. एरवी सुपरमार्केटात पाकीट मिळतं. लाल मांसात चरबीचे पांढरे तुकडे वेगळे दिसायला हवेत. दाबून बघा, घट्ट लागलं पाहिजे, चिकट नको. काळपट असेल तर बहुतेक कलेजीचं, चवीला उग्र. डुक्कर चालत नसेल तर चिकनचं मिळतं, पण लेबल वाचाच. आवरण डुकराचं असू शकतं.

आणि हे महत्त्वाचं: वाळवलेलं असलं तरी ते कच्चंच असतं, सलामीसारखं तसंच खायचं नाही. भातातलं पाणी आटत आलं की वर ठेवा, झाकण लावून 15-20 मिनिटं वाफवा, मग तिरके काप करा. सुटलेली चरबी भातात मुरते, वेगळं तेल लागत नाही. तव्यावर परतणार असाल तर आच मंद ठेवा, साखरेमुळे पटकन करपतं.

चला, भेटू पुढच्या भागात!