थंडीतली धार आणि फॅटची चिठ्ठी

मुलांनो, महाराष्ट्राचा नकाशा उघडा आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदी खालच्या टोकावर बोट ठेवा. हा चंदगड तालुका. एका अंगाला बेळगाव, तर दुसऱ्या अंगाला तिलारी घाट उतरला की थेट कोकण! पावसाळ्यात इथं पाऊस नुसता कोसळतो आणि डिसेंबरात पहाटेचं धुकं इतकं दाट, की समोरची गंजीही दिसू नये. भात घरात आलेलं असतं, उसाची तोड चालू असते. आता शेतकऱ्याला जरा विसावा, असं वाटतं ना? पण ज्याच्या दावणीला जनावरं आहेत, त्याला कसली आलीय सुट्टी!

चला, अशाच एका घरातल्या, तुमच्या वयाच्या मुलाचा दिवस पाहू. घरी दोन म्हशी, एक रेडकू, चार कोंबड्या आणि थोडंसं रान. बस्स, एवढंच.

पहाटे साडेपाचला त्याचं पहिलं काम म्हणजे शेण-घाण काढणं. शेण उकिरड्यावर टाकायचं आणि ओल्या जागी कोरडं पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, पसरायचं. हे नुसतं स्वच्छतेसाठी नाही बरं का! म्हैस ओल्यात बसली, तर सडांतून जंतू शिरून कासदाह होतो आणि रेडकाला थंडी बाधते ती वेगळीच.

मग आई धारेला बसते. पहिल्या दोन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढून ती निरखून पाहते. दुधात गुठळ्या दिसल्या किंवा कास गरम लागली, तर लगेच डॉक्टरांना बोलवायचं. हयगय केली, तर सड कायमचा निकामी होऊ शकतो.

एवढ्यात पोरगा बादली आपटतो. आई दटावते, "दंगा करू नकोस रे, म्हस पान्हा चोरंल!"

पान्हा चोरते म्हणजे काय? रेडकू ढुसण्या देतं किंवा कास धुतली जाते, तेव्हा म्हशीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचा रस रक्तात उतरतो. तो कासेतल्या दुधाला वाट करून देतो. पण त्याचा जोर काही मिनिटंच टिकतो आणि म्हैस दचकली की काम थांबतं. दूध आतच राहतं. गंमत म्हणजे, सर्वांत जास्त स्निग्धांश शेवटच्या धारांत असतो. म्हणजे अर्धवट धार काढली, तर दूध तर कमी मिळतंच, पण ते पातळही निघतं!

आता किटली घेऊन गावच्या दूध संस्थेत जायचं. तिथं यंत्रावर फॅट पाहतात आणि त्यावर भाव ठरतो. म्हशीच्या दुधात साधारण 6 ते 7 टक्के फॅट असतं, गाईच्या दुधात 4 टक्क्यांच्या आसपास. गावोगावच्या संस्थांचं दूध गोळा करणारा 'गोकुळ', म्हणजे कोल्हापूरचा दूध संघ, 1963 साली सुरू झाला. उसाचे पैसे हाती यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. दुधाचं बिल मात्र दर दहा दिवसांनी येतं. त्यातूनच पेंड, किराणा आणि वह्या-पुस्तकं. म्हणून फॅटची ती इवलीशी चिठ्ठी घरात सगळे वाचतात!

शाळेतून आल्यावर वैरण. या दिवसांत उसाचं वाडं भरपूर मिळतं. हिरवंगार, गोड, जनावरं आवडीनं खातात. पण नुसतं वाडंच घातलं तर? त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ते जनावराच्या अंगी लागत नाही. दुधातून तर कॅल्शियम रोज बाहेर जात असतं! मग म्हैस खंगते. त्यासाठी वाड्याबरोबर पिंजर, थोडं गवत आणि खनिज मिश्रण द्यायचं.

आणि पाणी! दुधात पाचातले चार भाग पाणीच असतं. थंडीत गारठलेलं पाणी म्हैस कमी पिते आणि दूध घटतं. त्यामुळं पाणी पाजायचं ते विहिरीचं ताजं काढलेलं, कारण ते पहाटेही कोमट लागतं.

दिवेलागणीला दुसरी धार होते, कोंबड्या डालग्याखाली जातात. जंगलालगतच्या रानात गवे उतरतात, त्यामुळं मोठी माणसं राखणीला निघतात. गोठ्यात मात्र शांतपणे रवंथ चालू असतो.

आता तुमच्यासाठी एक काम. पुढच्या वेळी गाय किंवा म्हैस रवंथ करताना दिसली, की जरा थांबा. गळ्यातून एक घास वर येताना दिसेल. तो पुन्हा गिळेपर्यंत ती किती वेळा चावते, ते मोजा. आकडा 50 च्या आसपास येतो का पाहा. आणि हो, मोजताना आवाज करू नका हं!