किडनी ‘जुळते’ म्हणजे काय

पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिने असतात. आपले कोण नि परके कोण, हे शरीर बऱ्याच अंशी त्यांवरूनच ओळखते. त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर खेटून बसलेली असल्याने ती बहुधा संचानेच वारसात येतात, एक संच आईचा, एक वडिलांचा. म्हणून मूल आईशी किंवा वडिलांशी निम्मे जुळतेच. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, अजिबात न जुळण्याचीही तेवढीच. नवरा-बायकोची जुळणी झालीच तर योगायोगाने.

किडनीसाठी ए, बी आणि डीआर हे तीन गट मुख्यतः पाहतात. प्रत्येकात दोन खुणा, म्हणून अहवालात ‘सहापैकी तीन’ असे येते. नातेवाईक या आकड्यावर डोळे लावून असतात. पण आजच्या औषधांमुळे सहापैकी एकही न जुळलेली किडनी वर्षानुवर्षे चालू शकते. गाडी अडते ती क्रॉसमॅच या चाचणीवर.

त्यासाठी दात्याचे रक्त फायकॉल या दाट द्रावणावर अलगद सोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि मध्ये पांढुरका थर धरतो. लिम्फोसाइट पेशी त्यातच असतात, तो पिपेटने उचलायचा. पॉल टेरासाकी यांच्या नावाच्या, तळहातावर मावणाऱ्या ट्रेमध्ये बारीक खळगे असतात. एकेका खळग्यात रुग्णाच्या सीरमचा एक मायक्रोलिटर थेंब तेलाखाली असतो, नाहीतर तो बघता बघता वाळेल. त्यात दात्याच्या पेशी आणि काही वेळाने सशाच्या सीरममधले ‘कॉम्प्लिमेंट’ घालतात. रुग्णाकडे या पेशींविरुद्ध अँटिबॉडी असतील, तर पेशींच्या आवरणाला भोके पडतात आणि इओसिन रंग आत शिरतो. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशी चकाकतात, मेलेल्या फुगून काळवंडतात. खळग्यात काळोख पसरला, की क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आणि ती किडनी सहसा बाद.

ही खबरदारी पटायला 1969 साल उजाडले. पटेल आणि टेरासाकी यांच्या अभ्यासात क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असूनही 30 जणांना किडनी बसवली होती. त्यांपैकी 24 जणांची लगेच निकामी झाली. निगेटिव्ह असलेल्या 195 जणांत हा आकडा 8 होता.

या अँटिबॉडी येतात रक्त चढवल्याने, आधीच्या प्रत्यारोपणाने किंवा गरोदरपणात. म्हणूनच नवरा किडनी द्यायला तयार असला, तरी मुले झालेल्या बायकोचा क्रॉसमॅच कधी कधी पॉझिटिव्ह निघतो. बाळांमार्फत तिच्या शरीराने नवऱ्याच्या एचएलएची ओळख आधीच करून घेतलेली असते. मग प्लाझ्मा बदलून अँटिबॉडी कमी करतात, नाहीतर दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल करतात.

मेंदूमृत दात्याच्या वेळी घड्याळही आड येते. किडनी थंड ठेवली तर दिवसभर टिकते, त्यामुळे यादीतल्या अनेकांचे क्रॉसमॅच एकाच वेळी लावता येतात. हृदयाला मिळतात जेमतेम चार ते सहा तास. तेव्हा एचएलए लावलेल्या ल्युमिनेक्स नावाच्या सूक्ष्म मण्यांवर आधीच तपासून ठेवलेली रुग्णाच्या अँटिबॉडींची यादी दात्याच्या एचएलएशी संगणकावर ताडून निर्णय घेतात. प्रत्यक्ष पेशींवरची चाचणी पुष्कळदा हृदय बसवून झाल्यावरच हाती येते.