पेडणे-डिचोलीचा कौल वेगळा, गोव्याचा वेगळा : जनमताचे आकडे वाचायचे कसे?

दरवर्षी १६ जानेवारीला गोव्यात ‘अस्मिताय दीस’ साजरा होतो. १९६७ साली याच दिवशी गोव्यातल्या मतदारांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. भाषणांत, पाठ्यपुस्तकांत हा निकाल एका वाक्यात सांगितला जातो : गोव्याने विलीनीकरण नाकारले. वाक्य खरं आहे. पण त्याच दिवशी पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या बहुसंख्य मतदारांनी विलीनीकरणाच्या बाजूने मत टाकलं, हेही तितकंच खरं आहे. तेरेखोल नदीच्या दोन्ही काठांवर, दोडामार्गात, बेळगावात, कारवारात राहणाऱ्या मराठी माणसाला ही दुसरी बाजू जास्त जवळची वाटते.

आता निवडणूक आली की जनमत चाचण्या आणि एक्झिट पोल यांचा पाऊस पडतो. अमेरिकेच्या निवडणुकीचे टक्केवारीचे तक्तेसुद्धा इथल्या मोबाइलवर फिरतात. लोकांचं मत मोजलं म्हणजे नेमकं काय मोजलं, हे समजून घ्यायचं असेल तर गोव्याच्या जनमत कौलासारखं उदाहरण शोधून सापडणार नाही. कारण तिथे हजार-दोन हजार माणसांना विचारून अंदाज बांधला नव्हता, सगळ्या मतदारांनाच विचारलं होतं.

कौल कशासाठी घेतला?

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली आणि विलीनीकरणाचा उघड पुरस्कार करणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विधानसभेत ठराव करा आणि विलीन व्हा, असा सरळ मार्ग मगो पक्षाला दिसत होता. विरोधातल्या युनायटेड गोवन्स पक्षाचे नेते डॉ. जॅक सिक्वेरा यांचं म्हणणं होतं की, गोव्याचं अस्तित्व ठेवायचं की मिटवायचं हा निर्णय आमदारांनी घ्यायचा नाही, तो लोकांनी घ्यायचा. दिल्लीने अखेर ते मान्य केलं. संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये खास कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून बांदोडकरांचं सरकार ३ डिसेंबर १९६६ ला पायउतार झालं.

मतपत्रिकेवर दोनच चिन्हं होती. ‘फूल’ म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, ‘दोन पानं’ म्हणजे केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहणं. दमण आणि दीवमध्ये हाच प्रश्न गुजरातच्या संदर्भात विचारला गेला. गोव्यातला हिशेब असा :

एकूण मतदार : ३,८८,४३२
झालेलं मतदान : ३,१७,६३३
दोन पानं : १,७२,१९१
फूल : १,३८,१७०
बाद मतं : ७,२७२
फरक : ३४,०२१

एकच निकाल, तीन टक्केवाऱ्या

हे आकडे जरा हिशेबाच्या वहीत मांडून पाहावेत. झालेल्या एकूण मतदानाचा पाया धरला तर वेगळं राहण्याच्या बाजूने ५४.२ टक्के आणि विलीनीकरणाच्या बाजूने ४३.५ टक्के पडतात. बाद मतं वगळली तर तेच प्रमाण ५५.५ आणि ४४.५ होतं. आणि यादीतले सगळे मतदार पाया धरले तर वेगळं राहा म्हणणारे सुमारे ४४ टक्के, विलीन व्हा म्हणणारे सुमारे ३६ टक्के आणि मतदानाला न आलेले १८ टक्के निघतात.

तिन्ही हिशेब बरोबर आहेत. एकातही लबाडी नाही. पण ‘स्पष्ट बहुमताचा निकाल’ आणि ‘निम्म्याहून कमी मतदारांचा निर्णय’ ही दोन्ही वाक्यं याच आकड्यांतून काढता येतात. आणखी एक बाब अशी की ३४,०२१ चा फरक मोठा दिसतो, पण १७,०११ माणसांनी उलट शिक्का मारला असता तर आज गोवा महाराष्ट्राचा एक जिल्हा असता. म्हणून कुठलीही टक्केवारी समोर आली की पहिला प्रश्न : किती पैकी?

पेडणे-डिचोलीने ‘फूल’ का निवडलं?

पेडणे, डिचोली, सत्तरी हा भाग ‘नव्या काबिजादी’तला. पोर्तुगीजांच्या ताब्यात तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेला. पेडणे तर १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून गेलं. सासष्टी, बारदेश, तिसवाडी इतका दीर्घ पोर्तुगीज अंमल इथे नव्हता. घरात कोकणी, पण देवळातलं कीर्तन, दशावतारी नाटक, पोथी आणि शाळा मराठीत. सोयरीक सावंतवाडी-वेंगुर्ल्यात. नदीपलीकडचा माणूस इथे परका नव्हताच.

पण नुसत्या भाषेवर आणि सोयरिकीवर हा कौल समजत नाही. भाटकाराच्या जमिनीवर राहणारा मुंडकार आणि कसणारं कूळ यांच्यासाठी विलीनीकरण म्हणजे जमिनीचा प्रश्न सुटण्याची आशा होती. मुक्तीनंतर सत्ता पुन्हा जुन्या भाटकारांच्या हाती जाईल, ही बहुजन समाजाची धास्ती होती. मोठ्या राज्यात गेलो तर कुळकायदा मिळेल, शाळा मिळेल, नोकरी मिळेल, असा तो विचार होता. ‘फूल’ हे मराठीला दिलेलं मत होतं, तसंच ते जमिनीसाठी दिलेलं मतही होतं.

दुसऱ्या बाजूलाही तसंच. सासष्टीने प्रचंड संख्येने दोन पानांवर शिक्का मारला, त्यात ख्रिस्ती समाजाचा आणि कोकणीच्या अभिमानाचा वाटा मोठा होता. पण महाराष्ट्रात दारूबंदी आहे, विलीन झालो तर माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराच्या पोटावर पाय येईल, ही भीतीही प्रचारात होती. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांबद्दलची नाराजी होती. आणि भाषा म्हणजेच मत असं मानणाऱ्यांना बुचकळ्यात टाकणारी गोष्ट म्हणजे मडगावचं ‘राष्ट्रमत’. विलीनीकरणाच्या विरोधात रान उठवणारं हे दैनिक मराठीत निघत होतं. उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे गाजलेलं सदरही मराठीतच होतं. मराठी वाचणारा प्रत्येक जण विलीनीकरणवादी, हा हिशेब तेव्हाही जुळत नव्हता.

जानेवारीत हरले, मार्चमध्ये जिंकले

कौलात हार झाली, आता मगो पक्ष संपला असं अनेकांना वाटलं. पण २८ मार्च १९६७ च्या विधानसभा निवडणुकीत ३० पैकी १६ जागा मगो पक्षालाच मिळाल्या, युनायटेड गोवन्सला १२. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि १९७३ मध्ये निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले.

अडीच महिन्यांत लोकांचं मत फिरलं का? नाही. प्रश्न बदलला. जानेवारीत प्रश्न होता, गोवा वेगळा राहावा का? मार्चमध्ये प्रश्न होता, कारभार कोणी करावा? महाराष्ट्र नको पण भाऊसाहेब हवेत, असं म्हणणारा मतदार गोव्यात होता आणि त्याच्या डोक्यात काही गोंधळ नव्हता. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवणाऱ्यांचा गोंधळ झाला.

शिवाय जानेवारीच्या मतपत्रिकेवर ‘स्वतंत्र घटकराज्य’ हा पर्यायच नव्हता. ते घटकराज्य ३० मे १९८७ ला झालं. त्याआधी त्याच वर्षी फेब्रुवारीत देवनागरी कोकणीला राजभाषेचा दर्जा देणारा कायदा झाला, आणि त्यात सरकारी कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली. १९६७ साली न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं शोधायला पुढची वीस वर्षं लागली.

अमेरिकेतही हाच अनुभव

जनमत मोजण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला तो अमेरिकेत. तिथला पहिला मोठा धडा १९३६ चा. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून रुझवेल्ट हरणार असं साप्ताहिकाने छापलं. रुझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते प्रामुख्याने टेलिफोन आणि मोटारगाड्यांच्या याद्यांतून घेतले होते, म्हणजे मंदीच्या काळातल्या खात्यापित्या घरांचे. शिवाय ज्यांना चीड होती त्यांनीच उत्तर पाठवण्याची तसदी जास्त घेतली. जॉर्ज गॅलप यांनी त्यापेक्षा कितीतरी कमी माणसांना विचारून विजेता बरोबर सांगितला. किती जणांना विचारलं यापेक्षा कोणाला विचारलं हे महत्त्वाचं, हे तेव्हापासून मान्य झालं. गोव्याच्या कौलातही हा वाद होताच. मुंबईत नोकरीला असलेल्या गोमंतकीयांना मत नव्हतं.

दुसरा धडा प्रश्नाच्या शब्दांचा. गरिबांच्या मदतीवर सरकार पुरेसा खर्च करत नाही का, असं विचारलं तर बहुसंख्य अमेरिकन ‘नाही करत’ म्हणतात. तोच प्रश्न ‘वेल्फेअर’ हा शब्द घालून विचारला की तसं म्हणणारे एकदम कमी होतात. तिथल्या पाहण्यांत हा फरक वर्षानुवर्षं दिसत आला आहे. लॉइड फ्री आणि हॅडली कँट्रिल या दोन अभ्यासकांनी तर पुस्तकच लिहिलं. सरकारने कमीत कमी ढवळाढवळ करावी असं तत्त्व म्हणून सांगणारे अनेक अमेरिकन प्रत्यक्ष योजनांची नावं घेतली की प्रत्येक योजना हवीच म्हणतात, असा त्यांचा निष्कर्ष. पुस्तकाचं साल १९६७. म्हणजे गोव्याचा मतदार जानेवारी आणि मार्चमध्ये जे करून दाखवत होता, तेच.

तिसरा धडा बेरजेचा. २०१६ मध्ये देशव्यापी चाचण्यांनी हिलरी क्लिंटन यांना सुमारे तीन टक्क्यांची आघाडी दिली होती. मतं मोजली तेव्हा त्या दोन टक्क्यांनी पुढे होत्याच. पण तिथे अध्यक्ष देशाच्या बेरजेवर ठरत नाही, राज्याराज्यांच्या हिशेबावर ठरतो. डोनाल्ड ट्रम्प निवडून आले.

गोव्यात चाचण्या का चुकतात?

गोव्यात ४० मतदारसंघ, एकेकात साधारण २५ ते ३० हजार मतदार. हजार माणसांची चांगली चाचणी तीन टक्के इकडेतिकडे धरून राज्याचा कल सांगते. पण त्या हजारांतली एका मतदारसंघाच्या वाट्याला २५ माणसं येतात, आणि २५ माणसांच्या उत्तरावरून काढलेला आकडा वीस टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. २०२२ मध्ये डिचोली तालुक्यातल्या साखळीतून मुख्यमंत्री प्रमोद सावंत ६६६ मतांनी निवडून आले. सांत आंद्रेत तर निकाल ७६ मतांवर लागला. डिचोलीत अपक्ष आला, मांद्रेत मगो. इतक्या बारीक फरकाचं भाकीत कोणतीही राज्यव्यापी चाचणी करू शकत नाही. त्या वर्षी बहुतेक एक्झिट पोल त्रिशंकू विधानसभा सांगत होते. भाजपला ४० पैकी २० जागा मिळाल्या.

सीमाभागासाठी याचा अर्थ

गोव्याच्या कौलाची तयारी सुरू होती त्याच सुमारास, ऑक्टोबर १९६६ मध्ये, महाराष्ट्र-म्हैसूर सीमावादासाठी महाजन आयोग नेमला गेला. ऑगस्ट १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि बेळगाव म्हैसूरकडेच राहिलं. गोव्यात लोकांना विचारलं. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवारात विचारलं नाही. ही तक्रार आजही जिवंत आहे, आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

मग तिथलं जनमत कशावरून ओळखायचं? एकीकरण समितीचे आमदार निवडून येत होते तेव्हा ‘हाच लोकांचा कौल’ असं म्हटलं जायचं. २०१३ मध्ये समितीचे दोन आमदार होते. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. आता समोरची बाजू म्हणते, ‘हाच लोकांचा कौल’. १९६७ चा गोवा पाहिला तर दोन्ही दावे कच्चे ठरतात. मगो पक्ष मार्चमध्ये जिंकला म्हणून विलीनीकरण जिंकलं नव्हतं, तसं समिती हरली म्हणून सीमाप्रश्नावरचं मराठी मत मोजलं गेलं असंही होत नाही. निवडणुकीत रस्ता, पाणी, जात, उमेदवार आणि फुटीर गट हे सगळं एकाच बटणात येतं. सीमेचा प्रश्न एकटा कधी विचारलाच गेलेला नाही.

आणि प्रश्न विचारला तरी उत्तर कायमचं नसतं. ज्या पेडण्याने महाराष्ट्र मागितला, तिथे मोपाचा विमानतळ झाला आणि सिंधुदुर्गातली पोरं कामासाठी तिकडे जाऊ लागली. सिंधुदुर्गातले पेशंट बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात येतात. गेल्या काही वर्षांत तर दोडामार्गातून ‘आम्हाला गोव्यात घ्या’ अशी मागणीही ऐकू आली.

यापुढे ‘लोकांचं मत अमुक’ असं कोणी सांगितलं तर चार गोष्टी विचारून घ्याव्यात. प्रश्न नेमक्या कोणत्या शब्दांत होता? कोणाला विचारलं आणि कोण बाहेर राहिलं? टक्केवारी कशावर काढली? आणि बेरजेत कोणत्या भागाचं मत झाकलं गेलं? १९६७ च्या बेरजेत १,३८,१७० मतं हरली. ती देणारी माणसं गोवा सोडून कुठे गेली नाहीत. पेडणे-डिचोलीत त्यांची मुलं-नातवंडं आजही मराठी पेपर वाचतात, कोकणीत बोलतात आणि स्वतःला गोंयकार म्हणवतात.