आंधळी कोळंबी आणि तिचा राखणदार

कोकणातल्या खाजणात चिखलावर उड्या मारणारी निवटी पाहिलीये ना? तिच्या नात्यातलेच हे गोबी मासे, पण उथळ उष्ण समुद्रातल्या स्वच्छ वाळूत राहणारे. हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या प्रवाळांच्या आसपास यांच्या शंभराहून अधिक जाती पिस्तूल कोळंबीसोबत एकाच बिळात राहतात.

बीळ कोळंबीचं. दिवसभर ती बुलडोझरसारखी वाळू ढकलत बाहेर आणते, कारण वाळूतलं बीळ सतत ढासळत असतं. नजर मात्र अगदीच अधू. म्हणून गोबी तोंडाशी बसतो आणि ती बाहेर आली की तिची एक मिशी त्याच्या अंगावर टेकलेली असते. मोठा मासा दिसला की गोबी शेपटी झटकन थरथरवतो. कोळंबी लगेच मागे. धोका अगदी जवळ आला तर गोबीही डोकं खाली घालून बिळात सुळकांडी मारतो. बदल्यात त्याला आयतं घर, अंडी घालायची जागासुद्धा तिथेच.

या कोळंबीला दुबळी समजू नका हं. तिची मोठी नांगी मिटते तेव्हा पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटताना फटाक्यासारखा आवाज येतो. आवाज नांगीचा नाही, बुडबुड्याचा! हे 2000 साली वेगवान कॅमेऱ्याने टिपलं गेलं.

कधी लक्षद्वीप किंवा अंदमानला स्नॉर्कलिंग केलंत, तर प्रवाळांवरून नजर काढून शेजारच्या ओसाड वाळूकडेही बघा. फक्त दुरून, न हलता. सावली पडली की दोघंही गायब.